डोईवरचे ओझे आणि उतारवयातील तोल

(जागतिक ज्येष्ठ नागरिक दिनाच्या निमित्ताने दिलेल्या भाषणाचा मजकूर)

पहाटेच्या अंधुक उजेडात पाणवठ्यावरून परतणारी स्त्रियांची रांग हे महाराष्ट्रातील ग्रामीण जीवनाचे चिरपरिचित दृश्य आहे. डोईवर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी आणि तरीही सरळ मान व संथ चाल. चित्रकारांनी या दृश्याचे पुष्कळ कौतुक केले आहे. परंतु त्याच रांगेच्या शेवटी, इतरांहून थोडी मागे पडलेली, उताराशी आल्यावर क्षणभर थबकणारी साठी-पासष्टीची एखादी स्त्री असते. तिच्याकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. चाळीस-चाळीस वर्षे तिने हीच पायवाट तुडविलेली असते. वाट तीच असते, हंडाही तोच असतो. बदललेला असतो तो तिच्या शरीराचा तोल. हा बदल इतका हळूहळू होतो, की तो तिच्या स्वतःच्याही ध्यानात येत नाही. एके दिवशी पाय घसरतो आणि मगच घरच्यांना त्याची जाणीव होते.

उतारवयात ओझे वाहताना शरीराच्या तोलावर काय परिणाम होतो, हा प्रश्न म्हणूनच केवळ वैद्यकशास्त्राचा राहत नाही. तो पाणवठ्याचा आहे, रास्त भाव दुकानाचा आहे, मंडईचा आहे आणि घरातल्या न्हाणीचाही आहे.

प्रश्नाचे गांभीर्य

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे मृत्यू पावतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांमध्ये रस्त्यावरील अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि अशा मृत्यूंत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वांत मोठे असते. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी २८ ते ३५ टक्के व्यक्ती वर्षातून एकदा तरी पडतात, असे याच संघटनेने २००७ सालच्या अहवालात नमूद केले होते. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठीपुढील व्यक्तींची संख्या १० कोटींवर होती आणि महाराष्ट्राच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे १० टक्के होते. हे आकडे एकत्र वाचले म्हणजे प्रश्नाची व्याप्ती स्पष्ट होते.

प्रत्येक पडणे जीवघेणे नसते हे खरे. परंतु खुब्याचे हाड मोडलेली वृद्ध व्यक्ती अनेकदा पूर्वीसारखी चालू-फिरू शकत नाही. काल जी आजी घराचे पाणी भरत होती, तिला आज पाण्याचा तांब्याही दुसऱ्याने आणून द्यावा लागतो. हाड सांधते, गेलेले स्वावलंबन सहजासहजी परत येत नाही. त्यातच पुन्हा पडण्याची भीती मनात घर करते. भीतीपोटी हालचाल कमी होते, हालचाल कमी झाल्याने स्नायू दुबळे होतात आणि दुबळ्या स्नायूंमुळे पडण्याची शक्यता आणखी वाढते.

तोल राहतो कसा?

दोन पायांवर उभे राहणे ही वाटते तितकी साधी गोष्ट नाही. स्वस्थ उभा असलेला मनुष्यही वस्तुतः किंचित झुलत असतो. शरीराचा गुरुत्वमध्य ओटीपोटाच्या आत, बेंबीच्या किंचित खाली असतो. त्यातून जमिनीवर सोडलेली लंबरेषा दोन्ही पावलांनी व्यापलेल्या आधारक्षेत्रात राहील तोपर्यंत मनुष्य उभा राहतो. ती बाहेर गेली की त्याला पाऊल टाकावे लागते, कशाचा तरी आधार घ्यावा लागतो किंवा तो पडतो.

ही रेषा आत राखण्याचे काम तीन पहारेकरी करीत असतात. पहिला पहारेकरी म्हणजे डोळे; ते भोवतालची क्षितिजे, उंचवटे आणि खड्डे यांची खबर देतात. दुसरा अंतर्कर्णात असतो. तेथील अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या शेजारची सूक्ष्म इंद्रिये मस्तकाचे वळणे व कलणे टिपतात. तिसरा पहारेकरी तळपायाची त्वचा, घोट्याचे सांधे, स्नायू व कंडरा यांत वसलेला असतो. पायाखालची जमीन टणक आहे की भुसभुशीत, सपाट आहे की उतरती, हे तो डोळ्यांच्या साहाय्यावाचून सांगतो. या तिघांच्या वार्ता मेंदूकडे जातात आणि मेंदूच्या आज्ञेनुसार घोटे, गुडघे, खुबे व कंबर यांचे स्नायू क्षणाक्षणाला दुरुस्ती करीत राहतात.

वय वाढते तसे हे तिन्ही पहारेकरी थकू लागतात. मोतीबिंदूने दृष्टी धूसर होते. दूरचे व जवळचे पाहण्याची दोन भिंगे एकाच चष्म्यात असली, तर खालच्या भिंगातून जिन्याची पायरी अस्पष्ट दिसते. अंतर्कर्णातील संवेदनशील पेशी कमी होत जातात. तळपायाची संवेदना मंदावते. मधुमेह जुना असेल तर ती फारच बोथट होते. स्नायूंचे प्रमाण तर तिशीनंतरच दर दशकाला सुमारे ३ ते ८ टक्के घटू लागते आणि साठीनंतर ही घट वेगावते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे स्नायुतंतू अधिक लवकर क्षीण होतात. ठेच लागल्यावर पुढचे पाऊल तात्काळ टाकण्यासाठी नेमके याच तंतूंची गरज असते. ठेच लागण्यापासून जमिनीवर आदळण्यापर्यंतचा काळ एका सेकंदाहूनही कमी असतो. तरुण शरीर तेवढ्या अवधीत सावरते. वृद्ध शरीराची दुरुस्तीची आज्ञा पुष्कळदा उशिरा पोहोचते, आणि पोहोचली तरी तिची अंमलबजावणी करणारे स्नायू अपुरे पडतात.

ओझ्याने काय बदलते?

अशा शरीरावर ओझे चढले म्हणजे काय घडते, हे साध्या गणिताने समजून घेता येईल. एक स्त्री १५० सेंटीमीटर उंच असून तिचे वजन ४५ किलो आहे असे मानू. तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ८२ सेंटीमीटरवर असेल. तिने डोईवर पाण्यासह १५ किलोचा हंडा घेतला, तर स्त्री व हंडा यांचा मिळून गुरुत्वमध्य जवळजवळ १०३ सेंटीमीटरवर जातो. म्हणजे तो सुमारे २० सेंटीमीटर, एक वीतभर, वर सरकतो. पावले तेवढीच, आधारक्षेत्र तेवढेच. परंतु तोल जाण्यापूर्वी शरीराला जेवढे कलता येत होते, त्यात सुमारे एक पंचमांशाने घट होते. तरुणपणी ही घट सहज पचते. पासष्टीत, जेव्हा हाताशी शिल्लकच थोडी असते, तेव्हा हाच पंचमांश निर्णायक ठरतो.

दुसरी गोष्ट जडत्वाची. ओझ्यासह शरीर सावकाश झुलते, त्यामुळे ते अधिक स्थिर झाल्याचा भास होतो. पण एकदा का ते एका बाजूला झुकू लागले, की त्याला थोपविण्यासाठी अधिक बळ लागते. भरलेली बैलगाडी हळूच हालते, परंतु उताराला लागली की आवरत नाही, तसाच हा प्रकार. त्यातून ओझे पाण्याचे असेल तर भांड्यातले पाणी स्वतंत्रपणे हेलकावे घेते. काठोकाठ न भरलेल्या, रुंद तोंडाच्या भांड्यात हे हेलकावे मोठे असतात. काही ठिकाणी पाण्यावर पाने किंवा डहाळी टाकण्याची रीत आहे, ती याच अनुभवातून आलेली आहे. चुंबळीचेही तसेच. ती नुसती गादी नव्हे; गोल बुडाच्या भांड्याला ती स्थिर बैठक देते आणि भार डोक्याच्या अधिक भागावर पसरविते.

ओझे कोठे धरले यावरही पुष्कळ अवलंबून असते. डोक्यावरच्या ओझ्याने मान जखडली जाते. खाली पाहून पाऊल टाकता येत नाही. एका हातात ८ किलोची पिशवी घेतली तर ६० किलो वजनाच्या मनुष्याचा गुरुत्वमध्य त्या बाजूला सुमारे ३ सेंटीमीटर सरकतो. मग शरीर विरुद्ध बाजूला कलते आणि दुसऱ्या बाजूच्या खुब्याच्या स्नायूंवर जादा ताण येतो. पुढ्यात धरलेली घागर किंवा धान्याची पाटी पावलांपुढची जमीनच झाकून टाकते. उंबरठा व पायरी दिसेनाशी होते. शिवाय तीच वस्तू अंगापासून दूर धरली तर तिचा पाठीवरील ताण अनेक पटींनी वाढतो. ५ किलोचे पातेले कण्यापासून २० सेंटीमीटरवर धरण्याऐवजी ५० सेंटीमीटरवर धरले, तर पाठीवरील त्याचा पीळ अडीचपट होतो. कण्याला बाक आलेल्या वृद्धांचा गुरुत्वमध्य मुळातच पुढे झुकलेला असतो. त्यांना पुढ्यातले ओझे सर्वांत अधिक धोक्याचे.

आणि एक ओझे असे आहे, की ज्याला कोणी ओझे म्हणत नाही. ते म्हणजे कडेवरचे नातवंड. दहा किलोचे मूल स्थिर बसत नाही. ते आईकडे झेपावते, कावळ्याकडे बोट दाखवून मागे वळते. गुरुत्वमध्य एकाएकी हलविणारे असे ओझे दुसरे नाही. नातवंडाला घेऊ नये असे कोणत्याही आजीला किंवा आजोबांना सांगणे निष्ठुरपणाचे होईल. बसून घ्यावे, उभ्याने जिना उतरताना घेऊ नये, एवढे मात्र अवश्य सांगावे.

कौशल्य आणि संरक्षण

या ठिकाणी एक शंका उपस्थित होते. आयुष्यभर ओझी वाहिलेल्यांना सवय नसते का? सवयीचे सामर्थ्य शास्त्रानेही मान्य केले आहे. केनियातील लुओ व किकुयू जमातींच्या स्त्रिया आपल्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंतचे ओझे जादा शक्ती खर्च न करता वाहू शकतात, असे १९८६ साली ‘नेचर’ या नियतकालिकातील संशोधनात आढळून आले. २००५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेपाळी भारवाहकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. डोंगरवाटांवर कपाळपट्ट्याच्या आधाराने चालणारे हे पुरुष सरासरीने आपल्या वजनाच्या जवळजवळ ९० टक्के भार वाहतात, असे त्यात नोंदविलेले आहे.

परंतु हे निष्कर्ष शक्तीच्या खर्चाविषयीचे आहेत, तोल सावरण्याविषयीचे नव्हेत. कसलेल्या चालीने श्रम वाचतात. तथापि निसरड्या दगडावर पाय घसरला, तर घोट्याच्या स्नायूंनी किती लवकर प्रतिसाद द्यावा हे वय ठरविते. किंबहुना जुन्या सवयीचा एक धोकाही आहे. हात व मान यांना चाळीस वर्षांपूर्वीचे ओझे आठवते, पायांचे आजचे बळ आठवत नाही.

हात मोकळा असण्याचे मोल

तोल जाताना मनुष्याचा हात आपोआप आधार शोधतो. जवळची भिंत, दांडा, झाडाची फांदी तो पकडतो. काहीच न सापडल्यास निदान पुढे येऊन डोक्याचे रक्षण करतो. हात ओझ्यात गुंतलेले असले तर हा शेवटचा उपाय नाहीसा होतो. येथे केवळ हात भरलेला असणे एवढाच अडथळा नसतो. कॅनडातील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले, की तोल जात असतानाही माणसे हातातील वस्तू टाकून कठडा पकडण्याऐवजी वस्तू धरून ठेवण्याकडे झुकतात. ती वस्तू त्या क्षणी निरुपयोगी असली तरीही!

ज्या घरात मैलभरावरून पाणी येते, त्या घरात हंडा सांडणे हा अपराध समजला जातो. पाण्याचा थेंब जपण्याची शिकवण बालपणापासून अंगी भिनलेली असते. म्हणून पाय घसरला तरी वृद्ध स्त्रीचे दोन्ही हात हंड्याकडेच जातात. हंडा वाचतो आणि मनगट किंवा खुबा मोडतो. ही शिकवण उतारवयात तरी उलटी केली पाहिजे. तोल गेला तर हंडा सोडावा, पाणी सांडू द्यावे, पिशवीतील भाजी रस्त्यावर विखुरली तरी विखुरू द्यावी. आणि पाणी सांडले म्हणून सासूला किंवा आजीला कोणी एक शब्दही बोलू नये. ही शेवटची गोष्ट घरातील तरुण मंडळींच्या हाती आहे. ओझे सोडण्याची मुभा मनात असेल तरच ते हातून सुटते.

चित्त दोन ठिकाणी गुंतल्याचाही परिणाम होतो. स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ साली असे दाखवून दिले, की चालता चालता बोलण्यासाठी ज्या वृद्धांना थांबावे लागते, त्यांच्या बाबतीत पुढे पडण्याचा संभव अधिक असतो. तरुणपणी चालणे आपोआप होते. उतारवयात त्यासाठी लक्ष द्यावे लागते. काठोकाठ भरलेला चहाचा पेला घेऊन चालणाऱ्याचे सर्व लक्ष पेल्याकडे असते, आणि सतरंजीची दुमडलेली कड मग पायात येते.

कायद्याची पावले

ओझे वाहणाऱ्यांच्या श्रमांची दखल घेण्यात महाराष्ट्र मागे राहिलेला नाही. ‘माथाडी’ हा शब्दच माथ्यावरील भारातून आला. महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम १९६९ साली संमत झाला आणि ज्यांना निश्चित मालक नव्हता अशा कष्टकऱ्यांना मंडळांच्या द्वारा नियमित मजुरी व भविष्य निर्वाह निधी यांचे संरक्षण लाभले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली एका माणसाने वाहावयाच्या कमाल ओझ्याविषयी संकेत स्वीकारला. त्यासोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविलेली आहे. स्त्रिया आणि १८ वर्षांखालील कामगार यांच्यासाठी ही मर्यादा बरीच कमी असावी, असेही संकेतात सांगितले आहे. वाढत्या वयासाठी मात्र त्या कलमात स्वतंत्र पायरी नाही. पंचविशीचा हमाल आणि साठीचा हमाल हे दोघेही ‘प्रौढ पुरुष’ या एकाच सदरात येतात. सिमेंटचे ५० किलोचे पोते दोघांनाही सारखेच दिसते, परंतु दोघांच्याही पायांना ते सारखे वाटत नाही. आणि घरचे पाणी व सरपण वाहणाऱ्या स्त्रीला तर कोणताही कमाल मर्यादेचा नियम लागू होत नाही. तिच्यासाठी नियम घरानेच करावयाचा आहे.

व्यक्तीने काय करावे?

पहिला नियम खेपांचा. एका खेपेत १५ लिटर आणण्यापेक्षा तीन खेपांत पाच-पाच लिटर आणावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो भार, हा हिशेब पक्का लक्षात असावा. दुसरा नियम समतोलाचा. एका हातात मोठी पिशवी घेण्यापेक्षा दोन्ही हातांत लहान पिशव्या बऱ्या. आणि जिना, उतार किंवा निसरडी वाट असेल तेथे एक हात कठड्यासाठी मोकळा राहील असे पाठीवरचे किंवा खांद्यावरून आडवे घेतलेले ओझे बरे. तिसरा नियम जवळिकीचा. जे उचलावयाचे ते अंगालगत धरून, गुडघ्यांत वाकून उचलावे आणि वळताना कमरेतून पीळ न देता पावले वळवावीत.

काठी वापरणाऱ्यांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात असावी आणि काही वाहणे अपरिहार्यच असेल तर ते उजव्या, म्हणजे दुखऱ्या बाजूच्या हातात घ्यावे. दिसावयास हे उलटे दिसते, परंतु त्यामुळे दुखऱ्या खुब्याच्या स्नायूंवरील ताण कमी होतो.

बसलेल्या किंवा वाकलेल्या स्थितीतून ओझ्यासह एकदम उठू नये. उठल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा अधिक उतरणे ही वृद्धांत वारंवार आढळणारी गोष्ट आहे. त्याने डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाची किंवा झोपेची औषधे घेणाऱ्यांनी याविषयी डॉक्टरांशी अवश्य बोलावे. सैल, गुळगुळीत झालेल्या रबरी चपला टाकून मागे पट्टा असलेली पादत्राणे वापरावीत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलू नये. भरलेला गॅस सिलिंडर सुमारे ३० किलोचा असतो. तो एकट्या वृद्ध व्यक्तीने कदापि उचलू नये. चुलीवरचे कढत पाणी न्हाणीपर्यंत नेण्याचे कामही घरातील तरुणांनीच करावे.

आपला तोल कितपत शाबूत आहे, हे घरच्या घरी पाहता येते. खुर्चीतून उठावे, नेहमीच्या चालीने तीन मीटर जावे, वळून परत येऊन बसावे. यास १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर पडण्याचा धोका वाढला आहे असे समजावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी. चाचणीच्या वेळी कोणीतरी जवळ उभे असावे.

ओझे पूर्णतः टाकावे काय?

हे सर्व ऐकून घरोघरी वृद्धांना खाटेवर बसवून ठेवण्याची प्रेमळ चूक होऊ नये. हाडे व स्नायू यांना काम मिळाले तरच ते टिकतात. न्यूझीलंडमध्ये वृद्धांसाठी तयार झालेल्या ओटागो व्यायामक्रमात घोट्यांना लहान वजने बांधून पाय बळकट करतात. म्हणजे ओझे हेच योग्य मात्रेत औषध ठरते. तोल व स्नायुबल वाढविणाऱ्या व्यायामांनी पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष २०१९ साली शंभराहून अधिक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून निघाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत पासष्टीपुढील व्यक्तींनी आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस असे व्यायाम करावेत असे सांगितले आहे.

यासाठी व्यायामशाळेची आवश्यकता नाही. ओट्याची कड धरून टाचा उचलणे, खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे, भिंतीशेजारी एका पायावर काही सेकंद उभे राहणे, एका पावलापुढे दुसरे पाऊल लावून सरळ रेषेत चालणे, एवढे पुरेसे आहे. गावातील मंदिराच्या सभामंडपात किंवा ज्येष्ठ नागरिक संघाच्या जागेत दहा-बारा जणांनी मिळून ते केले तर त्यात खंड पडत नाही.

गावाने काय करावे?

तोल सांभाळण्याची सारी जबाबदारी वृद्धांच्या पायांवर टाकून समाजाला मोकळे होता येणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा देशातील केवळ ३ कोटी २३ लाख ग्रामीण घरांत नळ होते. त्यानंतर कोट्यवधी घरे नळाने जोडली गेली. घरात आलेला प्रत्येक नळ म्हणजे कोणा एका वृद्धेच्या डोईवरून कायमचा उतरलेला हंडा होय. जेथे उन्हाळ्यात आजही पाणवठ्यावर जावे लागते, तेथे शेवाळलेली पायरी घासणे, उताराला दांडा बसविणे, कमरेइतक्या उंचीचा ओटा बांधणे ही कामे ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील आहेत. सपाट वाटेवर ढकलत नेता येणारे चाकाचे पिंपही उपयोगी पडते.

दक्षिणेत या बाबतीत एक सुंदर परंपरा होती. तामिळनाडूत व केरळात जुन्या वाटांच्या कडेला उभ्या दोन शिळांवर आडवी शिळा ठेवलेली दिसते. तामिळमध्ये तिला ‘सुमैतांगी’ म्हणतात. डोईवरचे ओझे दुसऱ्याच्या मदतीशिवाय त्यावर सरकवावे, क्षणभर विसावावे आणि पुन्हा उचलावे, यासाठी ती योजना. वाकून ओझे भुईवर ठेवणे व पुन्हा उचलणे हाच सर्वांत धोक्याचा क्षण असतो, हे त्या शिळा उभारणाऱ्यांनी ओळखले होते. पाणवठ्यावर, बसथांब्यावर, बाजाराच्या तोंडाशी असा एक ओटा बांधणे आजच्या कोणत्याही गावाला अशक्य नाही.

अंत्योदय शिधापत्रिकेवर कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. एकट्या राहणाऱ्या वृद्धाने ते एका खेपेत नेऊ नये. गावातील तरुण मंडळाने वा बचत गटाने ते घरपोच करण्याचा वार ठरवावा. एस. टी.त चढताना वृद्धांनी गाठोडे आधी वर द्यावे व मग दोन्ही हातांनी दांडा धरून चढावे. ते गाठोडे घेण्यासाठी आतून एक हात पुढे यावा. चष्मा, काठी, चालण्याचा आधार यांसारख्या साधनांसाठी राज्यात २०२४ साली ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ सुरू झाली आणि तीत पात्र ज्येष्ठांना ३ हजार रुपयांचे एकरकमी साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही आहे. एखादी वृद्ध व्यक्ती पडल्यावर खुब्यात तीव्र वेदना होत असतील किंवा पाय आखूड वा वळलेला दिसत असेल, तर तिला ओढून उठवू नये, चोळू नये. हालचाल न करता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

श्रोतेहो, ज्यांनी धरणांची माती घमेल्यांनी वाहिली, शेतातील भारे व रानातील मोळ्या वाहिल्या, घराला पाणी पाजले, त्यांच्या माथ्यावर हा महाराष्ट्र उभा राहिला आहे. त्यांच्या हातून काम काढून घेणे हा त्यांचा सन्मान नव्हे आणि जुन्याच मापाने ओझे चढवीत राहणे हाही नव्हे. हंडा अर्धा भरावा, वाटेत टेकायला ओटा असावा, एक हात आधारासाठी मोकळा असावा आणि हंडा कधी सांडलाच, तर घरच्यांनी आधी आजीला कुठे लागले का ते पाहावे, मग पाण्याकडे.